योगाचा स्टार्टर सेट: पट्ट्याला पैकीच्या पैकी, मॅट काठावर पास

भाचीने योगाचा सेट पाठवला त्याला आता बरेच महिने झाले. एक जाड मॅट, दोन ब्लॉक, एक पट्टा, आसनांचा तक्ता, व्हिडिओंसाठी क्यूआर कोड आणि हे सगळं भरायला एक पिशवी. खोक्यावर ठळक अक्षरात 'नवशिक्यांसाठी परिपूर्ण' असं लिहिलंय. कंपनीचं नाव लिहीत बसत नाही, कारण थोड्याफार फरकाने हाच सेट अनेक जण विकतात आणि माझं म्हणणं त्या सगळ्यांनाच लागू आहे.

माझा धंदा शिवणकामाचा. दिवसभर मशीनवर वाकलेली मान, उजवा पाय पॅडलवर, उजवा खांदा पुढे. लोकांची मापं घेऊन घेऊन एक सवय लागलीये: माणूस समोर उभा राहिला की कुठला खांदा उतरलाय ते आधी दिसतं. माझा स्वतःचा उजवा. योगाबद्दल मला अधिकार नाही, पण शिवण, पट्टी, कापड, जाडी, माप यांच्याबद्दल आहे, आणि या सेटमध्ये निम्मं तेच आहे.

सुरुवात पट्ट्यापासून करते, कारण सेटमधली सगळ्यात चांगली वस्तू तीच आणि खोक्यावरच्या फोटोत सगळ्यात मागे तीच. दीड इंच रुंद, सुती, घट्ट विणीचा. लेबलवर सहा फूट लिहिलंय. टेप लावला तर दोन इंच जास्तच भरला, म्हणजे दुमडीत गेलेलं कापड त्यांनी धरलंय. टोकाला धातूच्या दोन कड्या, आणि त्या कड्या जिथे अडकवल्यात तिथली शिवण पाहून मी खूश झाले: चौकोन आणि आत फुली, टाके बारीक, दोरा जाड. वजन ओढणाऱ्या बॅगांच्या पट्ट्यांना असंच शिवतात. दुसरं टोक दोनदा दुमडून शिवलेलं, त्यामुळे उसवायचा प्रश्न नाही. काही सेटमध्ये प्लॅस्टिकच्या बकलचा नायलॉन पट्टा असतो. तो मी दुसऱ्या एकीकडे हाताळलाय. गुळगुळीत असतो, जोर लावला की हळूहळू सरकतो, आणि तळव्याला काचतो. सुती घ्या, कड्यांचा घ्या.

आता हा पट्टा करतो काय? पाठीवर झोपायचं, एक पाय वर उचलायचा, तळपायाला पट्टा अडकवून दोन्ही टोकं हातात धरायची. सुप्त पादांगुष्ठासन. ज्यांना जमतं ते पायाचा अंगठा हाताने धरतात. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेल्या माणसाने अंगठा धरायचा म्हटला की तो आधी गुडघा वाकवतो, मग डोकं उचलतो, मग खांदे जमिनीवरून उचलतो आणि शेवटी ताण पडायला हवा तिथे सोडून सगळीकडे पडतो. पट्टा म्हणजे हाताची लांबी वाढली. खांदे आणि डोकं जमिनीवर, गुडघा सरळ, आणि पाय जिथे थांबेल तिथे थांबेल. माझा सुरुवातीला पंचेचाळीस अंशांच्या आसपासच थांबायचा. ओढाताण करायची नाही, हिसके द्यायचे नाहीत, श्वास सोडताना जेवढा येईल तेवढा येऊ द्यायचा. ताण मांडीच्या मधल्या भागात जाणवला पाहिजे. गुडघ्याच्या मागे किंवा बसायच्या हाडापाशी टोचल्यासारखं झालं तर पाय थोडा खाली.

मांडीमागचे हे स्नायू वरच्या टोकाला त्या बसायच्या हाडांनाच जोडलेले असतात. ते आखूड झाले की बसल्यावर कंबरेचं हाड मागे ओढलं जातं आणि पाठीला पोक येतो. खुर्चीत दिवस काढणाऱ्या कुणाही माणसाला हे कळेल. म्हणजे पाठ दुखते म्हणून पाठच ताणत बसण्यात फारसा अर्थ नाही. मला तरी या पट्ट्याने पाठीसाठी जे केलं ते मांडीतून केलं.

दुसरा उपयोग खांद्यांचा. एक हात वरून, एक खालून, पाठीमागे बोटं गुंफायची, गोमुखासनात असते तशी हातांची ठेवण. माझा डावा कोपर वर असताना बोटं एकमेकांपासून एवढी लांब की ओळख निघायची शक्यता नाही. वरच्या हातात पट्टा लोंबता धरायचा, खालच्या हाताने तो पकडायचा, आणि बोटाबोटाने वर सरकायचं. बाजू बदलली की लगेच कळतं आपण दोन बाजूंना दोन वेगळी माणसं आहोत.

एकच खोट: सहा फूट कमी पडतात. सुप्त बद्धकोणासनात, म्हणजे पाठीवर झोपून, गुडघे बाजूला सोडून तळपाय एकमेकांना जोडतात त्यात, पट्टा कंबरेमागून, मांड्यांवरून आणि पावलांखालून घेऊन बांधतात. उंच किंवा अंगाने भरलेल्या माणसाला त्यात कड्यांपर्यंत टोक पोचत नाही. आठ फुटी पट्टेही मिळतात, सुटा घेणार असाल तर तोच घ्या. मी माझ्याकडच्या पट्टीचा तुकडा जोडून घेतला, पण प्रत्येकाच्या घरी जाड सुईचं मशीन नसतं.

ब्लॉक दोन आहेत, हलक्या फोमचे, नऊ बाय सहा बाय तीन इंच. चार इंची जाडीचेही मिळतात आणि ते बरे, कारण ब्लॉकचं सगळं काम त्याच्या तीन उंच्यांवर चालतं: आडवा, कुशीवर, उभा. तीन इंची ब्लॉक उभा केला की त्याचा पाया निमुळता होतो आणि पाय फाकवून बाजूला वाकायच्या त्रिकोणासनात त्यावर हात टेकून थोडं वजन दिलं की तो कलतो. कुशीवर ठेवला तर ठीक. फोमची घनता मात्र बरी आहे. अंगठा जोरात दाबला तर खड्डा पडतो आणि लगेच भरून येतो. कोपरे गोल केलेत, तेही बरं, नाहीतर कंबरेखाली घेतल्यावर टोचले असते. कॉर्कचे ब्लॉक जड असतात, हलत नाहीत, हाताला पकडही चांगली मिळते. उभ्या आसनांसाठी मी तेच निवडेन. पण पाठीवर पडून कंबर वर उचलायच्या सेतुबंधात माकडहाडाच्या वरच्या सपाट भागाखाली ठेवून निवांत पडायचं असेल तर कॉर्क कडक लागतो, तिथे फोमच हवा.

ब्लॉक घेताना लोकांना थोडी लाज वाटते असं माझ्या लक्षात आलंय. भाचीही म्हणाली, "मावशी, सुरुवातीला वापर, नंतर लागणार नाहीत." माझ्याकडे कुर्ते शिवायला येणाऱ्या एक योगशिक्षिका आहेत. त्यांचं माप घेताना दोन्ही खांदे एका रेषेत आलेले पाहून मी टेप परत लावला होता. त्यांना भाचीचं हे म्हणणं सांगितलं तर हसल्या आणि म्हणाल्या, "काकू, मी रोज वापरते." पट्टे, लाकडी विटा, घोंगड्या, खुर्च्या, भिंतीचे दोर ही साधनं योगवर्गात रुळली ती मुख्यतः योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्यामुळे. १९१८ साली जन्मलेला हा माणूस लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय अशा आजारांनी खंगलेला होता आणि पुढे २०१४ पर्यंत जगला. आजारी, म्हातारी, आखडलेली माणसं त्यांच्याकडे यायची. शरीर आसनापर्यंत पोचत नसेल तर जमीन वर आणायची, असा या साधनांमागचा साधा हिशोब आहे. उभं राहून पुढे वाकायच्या उत्तानासनात हात जमिनीला लागत नाहीत? ब्लॉक उभे करा, हात त्यांवर टेका, पाठ लांब ठेवा. गुडघे जरा वाकले तरी चालेल.

सेटमध्ये जे नाही आणि असायला हवं होतं ते म्हणजे घोंगडी. पण ती विकत घ्यायची गरजही नाही. घरातली घट्ट विणीची चादर किंवा ब्लँकेट चौपदरी, आठपदरी घडी करून वापरता येतं. घडीच्या कडा एकसारख्या हव्यात, सुरकुती नको, आणि अंगाकडे दुमडीची बाजू यायला हवी, सुट्या टोकांची नव्हे. हे शिक्षिकाबाईंनी सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं, कारण नीट घडी घालणं हे माझं आवडतं काम. मांडी घालून बसल्यावर माझे गुडघे कंबरेच्या बरेच वर राहायचे. त्यांनी बसायच्या जागेखाली घडी सरकवली, मग आणखी एक. गुडघे कंबरेच्या खाली आले आणि पाठ आपोआप उभी राहिली, कुणी 'ताठ बस' म्हणायच्या आत. खोक्यात ही एक ओळ छापली असती तर तक्ता नसता तरी चाललं असतं.

आता मॅट. खोक्याचा निम्मा भाग हिने खाल्लाय आणि किंमतीचाही बहुधा हिनेच. दहा मिलिमीटर जाड, मऊ फोम, १८३ सेंटिमीटर लांब, ६१ रुंद. 'जाड म्हणून सांध्यांना आराम' असं लेबल. हात लावला की छान वाटतं. मार्जारासनात हातापायांवर आलात तर गुडघे दुवा देतात. पाठीवर लोळायचे, पोटाचे व्यायाम करणार असाल तर तक्रार नाही, कारण मुळात ही व्यायामाची मॅट आहे; योगाची म्हणून विकलीये एवढंच.

एका पायावर उभं राहून बघा. वृक्षासनात तळपाय फोममध्ये रुततो, घोटा डावीउजवीकडे डगमगतो, आणि तोल गेला तो आपल्यामुळे की मॅटमुळे हे कळतच नाही. गादीवर उभं राहिलेल्या गिऱ्हाइकाच्या पँटची उंची घेण्यासारखा हा प्रकार आहे. दोन्ही पायांवर सरळ उभं राहायच्या ताडासनात सुद्धा पावलाचे कोणते भाग जमिनीला टेकलेत याचा अंदाज येत नाही, आणि नवशिक्याला आधी शिकायचं असतं ते नेमकं तेच. मी उभी आसनं सरळ मॅटवरून खाली उतरून अनवाणी फरशीवर करते.

अधोमुख श्वानासनात दुसरा त्रास. हात पुढे, कंबर वर, वजन तळहातांवर. मऊ मॅटमध्ये मनगटाकडचा भाग जास्त रुततो, बोटं वर राहतात, म्हणजे मनगटाचा कोन आणखी वाढतो. ज्यांचं काम हातांचं आहे त्यांनी हे मनावर घ्यावं. शिवाय घाम आला की वरचा पृष्ठभाग निसरडा होतो, आणि हात-पाय विरुद्ध दिशांना दाबले की मॅट स्वतःच लांबते. मी खडूने खूण करून पाहिली: आसनात जाताना आणि येताना खूण सरकलेली स्पष्ट दिसते. विणलेलं कापड ओढ घेतं हे मला चालतं, पायाखालच्या जमिनीने घेतलेलं चालत नाही.

रोजच्या योगासाठी चार-पाच मिलिमीटरची, जरा घट्ट आणि पकड असलेली मॅट पुरे. गुडघ्यांना बोचतंय तर तेवढ्यापुरती मॅट दुपदरी करा किंवा ब्लँकेट घाला. पीव्हीसीची टिकते, पण नवी असताना वरून निसरडी लागते; ओल्या फडक्याने सौम्य साबण लावून पुसून, वापरून वापरून ती हाताला येते. नैसर्गिक रबराची पकड सगळ्यात चांगली, पण ती जड, तिला वास, उन्हात वाळत घातली की खराब होणार, आणि लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. सुती सतरंजी बसून करायच्या आसनांना आणि शवासनाला उत्तम, गुळगुळीत फरशीवर उभ्या आसनांना नको. आणि कुठलीही फोमची मॅट धुण्याच्या मशीनमध्ये टाकू नका.

सेटमधली मॅट मी फेकलेली नाही. कापड बेतायला गुडघ्यांवर बसावं लागतं, तिथे तिच्यासारखं काही नाही.

तक्त्याबद्दल थोडक्यात. गुळगुळीत कागदावर रंगीत चित्रं, दाटीवाटीने. ताडासन आणि शीर्षासन एकाच आकाराच्या चौकोनात शेजारी शेजारी, जणू आज हे, उद्या ते. क्रम नाही, कुणी काय टाळावं याची एक ओळ नाही. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्या माणसाने डोकं खाली पाय वर अशा आसनांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये, गरोदरपणात आणि हाडं ठिसूळ झालेल्यांनी जाणकाराकडूनच शिकावं, हे सांगायला कितीशी शाई लागते? घेरंडसंहितेसारख्या जुन्या ग्रंथात बत्तीस आसनं सांगितली आहेत, हठप्रदीपिकेत तर पंधराच, आणि त्यातली बरीचशी बसून करायची. इथे मात्र मोजणी सोडून द्यावी एवढी गर्दी. कागद चांगला जाड आहे. मागच्या कोऱ्या बाजूवर मी लहान मुलांच्या कॉलरचा पॅटर्न कापला.

व्हिडिओंबाबत माझं मत दोन्हीकडचं आहे. श्वासाचा आणि शवासनाचा असे दोन खरंच चांगले. बोलणं सावकाश, मधे पुरेशी शांतता, श्वास नाकानेच घ्यायचा, कुठेही रोखून धरायचा नाही हे दोनदा सांगितलंय. शवासनात गुडघ्यांखाली गुंडाळी ठेवा म्हणजे कंबर सैल पडते, हेही त्यातच कळलं. पण पहिल्याच 'ओळख' व्हिडिओत सूर्यनमस्कार, तेही भराभर. बारा टप्पे, एकाला एक जोडलेले, आणि मधे हातांवर शरीर तोलून खाली यायचं. ज्याला अजून ताडासनात पाय कुठे ठेवायचे ते समजतंय, त्याचे खांदे आणि मनगटं यात पहिली बोलतात. हा धडा पाचवा-सहावा असायला हवा होता. पोटभर जेवणानंतर तीन-चार तास थांबा हे कुठेच नाही, आणि ते पुढे वाकल्यावर ज्याचं त्याला समजतं.

शिवाय एक अडचण जी ते बनवणाऱ्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. व्हिडिओतल्या बाई समोर तोंड करून उभ्या आणि 'उजवा पाय' म्हणतात, तर पडद्यावर तो आपल्या डावीकडे दिसतो. मी माप घेताना समोरच्याचं उजवं-डावं उलटं वाचते, मला सवय आहे. भाचीचा मात्र दर वेळी गोंधळ. त्यात अधोमुख श्वानासनात डोकं खाली, मोबाइल समोर, बघायला मान वळवायची, म्हणजे जी मान मोकळी करायला आलो तीच पिरगाळायची. यावर माझा तोडगा: व्हिडिओ आधी खुर्चीत बसून शांतपणे पाहायचा, मग पडदा उलटा ठेवून फक्त आवाज ऐकत करायचं.

आणि व्हिडिओतल्या बाईंना माझा गुडघा दिसत नाही. हा काही त्या सेटचा दोष नाही, पण 'परिपूर्ण' हा शब्द छापलाय म्हणून म्हणते. एक पाय पुढे वाकवून उभं राहायच्या वीरभद्रासनात माझा पुढचा गुडघा आत कलत होता. योगशिक्षिकाबाईंनी दोन बोटं लावून तो पावलाच्या रेषेत आणला, तेव्हा मांडीला काम लागलं. शक्य असेल त्याने निदान सुरुवातीचे काही धडे कुणासमोर तरी करावेत. मग घरी हा पट्टा आणि ब्लॉक घेऊन बसायला हरकत नाही.

कपड्यांबद्दल मला कुणी विचारलं नाही तरी सांगते. सेटसोबत तंग पँटची जाहिरात येते. घट्ट ताणणारं कापड वाईट नाही, पण गरजेचंही नाही. सैल सुती पँट, दोन पायांच्या मधे मियानीचा तुकडा घातलेली, कंबरेला नाडी किंवा मऊ इलॅस्टिक. मियानी नसलेल्या पँटीत पाय फाकवले की शिवणीवर सगळा भार येतो आणि ती नको तेव्हा उसवते. वरचा कुर्ता आखूड हवा किंवा खोचता यावा, नाहीतर वाकल्यावर तोंडावर येतो.

फरक पडला का, असं भाचीने विचारलं. संध्याकाळी मान भरून यायची ते बरंच कमी झालंय. मशीनवरून उठताना कंबरेला हात लावून थांबावं लागत नाही. खांदा सरळ झाला का ते टेप लावून पाहिलं: पाव इंचाचा फरक असेल, आणि तेवढा माझ्या उभं राहण्यातही पडू शकतो. रात्री झोप लवकर लागते, ती योगाने की दमल्याने, सांगता येत नाही.

घ्यावा का? अख्खा सेट नको. आठ फुटी सुती पट्टा सुटा, चार इंची ब्लॉक दोन, चार-पाच मिलिमीटरची मॅट, घरातली दोन ब्लँकेटं. सेट भेट म्हणून आलाच तर पट्टा आणि ब्लॉक लगेच बाहेर काढा, मॅटवर लोळा, आणि श्वासाचा व्हिडिओ ठेवून बाकीचे जरा लांब ठेवा.

राहिली पिशवी. कॅनव्हास चांगलं, खांद्याचा पट्टा रुंद, पण चेन अगदीच कचरा. मॅट जेमतेम बसेल एवढंच माप बेतलंय, शिवणीला सैलपणा नाही, त्यामुळे दर वेळी ओढून लावताना दाते निसटतात. मी ती चेन उसवून वर तीन इंचाची पट्टी जोडली आणि नाडी ओवली. आता मॅटसोबत दोन्ही ब्लॉकही आत मावतात, जे विकणाऱ्यांनी खोक्यावर आधीच छापून ठेवलं होतं.